मंडळीचे वार्षिक दान वाढवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातील मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, विशेषतः उत्तर भारतीय मंडळीच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पास्टोरेटांमध्ये, म्हणजे पाळकाच्या देखरेखीखालील स्थानिक मंडळ्यांमध्ये, वर्गणीचा विषय निघाला की हमखास विचारले जातात. काही प्रश्न सभासदांचे आहेत, तर काही खजिनदार, पाळक आणि पास्टोरेट कमिटीच्या सदस्यांचे. वाढीव दान मागण्यापूर्वी या प्रश्नांना सरळ उत्तरे देणे हे मागणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

दान वाढवण्याची गरज आताच का भासू लागली?

गरज जुनीच आहे. ती बराच काळ झाकलेली होती. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांचे काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला सुरू झाले. तेव्हापासून पुढच्या कित्येक पिढ्या पाळकांचे व शिक्षकांचे पगार, शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांचा मोठा भार समुद्रापलीकडच्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांनी उचलला. त्यांच्या दानावर आपली मंदिरे, म्हणजे चर्चच्या इमारती, उभी राहिली. त्याच काळात आपल्याकडील काही माणसांना हे परावलंबन खुपत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यामागे येथील ख्रिस्ती जीवन येथल्याच मातीत आणि येथल्याच बळावर उभे राहावे, ही तळमळ होती.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. पुढे परदेशी मदत आटत गेली, मात्र इमारती, दफनभूमी, पाळकांची घरे आणि सेवेची जबाबदारी आपल्याकडे राहिली. खर्च दर वर्षी वाढतो. अनेक कुटुंबांची मासिक वर्गणी मात्र वडिलांनी ठरवलेल्या आकड्यावरच थांबलेली आहे. मुलगा नोकरीला लागला, सून शिक्षिका झाली, घरावर दुसरा मजला चढला, तरी मंडळीच्या वहीतील रक्कम तीच राहिली, हे चित्र अपवादाने दिसते असे म्हणता येणार नाही. यात कोणाचा कंजूषपणा असतो असेही नाही. बहुतेक वेळा तो आकडा पुन्हा विचारात घ्यावा, असे त्या कुटुंबाला कोणी सांगितलेलेच नसते.

दशांश देणे बंधनकारक आहे का?

बायबलच्या जुन्या करारात दशांशाची आज्ञा स्पष्ट आहे. लेवीय २७ मध्ये भूमीच्या उत्पन्नाचा दहावा भाग परमेश्वराचा म्हटला आहे. गणना १८ नुसार तो लेव्यांच्या, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या, निर्वाहासाठी असून लेव्यांनीही मिळालेल्या दशांशाचा दशांश द्यायचा आहे. अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच साठवून ठेवण्यास सांगितले आहे. हा शेवटचा भाग आपल्याकडे फारसा वाचला जात नाही, याचे वाईट वाटते, कारण दशांशात गरिबांचा वाटा पहिल्यापासून होता हे त्यातूनच कळते.

नव्या करारात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला टक्केवारी सांगत नाही. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, असे तो पहिल्या पत्राच्या १६ व्या अध्यायात लिहितो. दुसऱ्या पत्राच्या ९ व्या अध्यायात तो प्रत्येकाला मनात ठरवून, आनंदाने द्यायला सांगतो आणि कोणीही नाइलाजाने देऊ नये असे बजावतो. म्हणून दशांश न देणारा सभासद कमी प्रतीचा ख्रिस्ती, असे कोणत्याही कमिटीने सूचित करू नये. त्याचबरोबर कृपेच्या काळात आपण नियमशास्त्राखाली नाही, एवढे म्हणून पन्नास रुपयांवर थांबणाऱ्यानेही स्वतःला एक प्रश्न विचारावा : कृपा मिळालेल्या माणसाचे देणे नियमाखालच्या माणसापेक्षा इतके कमी का असावे? आम्ही दशांशाकडे हळूहळू गाठायचा टप्पा म्हणून पाहतो. ज्यांना तो सहज परवडतो त्यांनी तेथेच थांबण्याचे कारण नाही.

मग आमच्या कुटुंबाने किती वाढवावे?

रकमेआधी प्रमाण पाहावे. समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न चाळीस हजार रुपये आहे आणि ते मंडळीला दरमहा दोनशे रुपये देते. दोनशे हा आकडा ऐकायला बरा वाटतो, परंतु तो उत्पन्नाचा अर्धा टक्का आहे. या कुटुंबाला उद्यापासून चार हजार द्या असे सांगितले, तर ते मान डोलावेल आणि काहीच बदलणार नाही. त्याऐवजी या वर्षी एक टक्का, म्हणजे चारशे रुपये, आणि पुढे दर वर्षी आणखी अर्धा किंवा एक टक्का, असा निश्चय ते मनापासून करू शकते. वेतनवाढ मिळाली, महागाई भत्ता वाढला किंवा एखादे कर्ज फिटले, की त्याच महिन्यात वाढ करावी. पुढच्या महिन्यात ती रक्कम घरखर्चात मिसळून जाते आणि मग ती काढून देणे जड जाते.

हा हिशेब पती-पत्नीने एकत्र बसून करावा. कमावती मुले घरात असतील तर त्यांचे दान वेगळे असावे, वडिलांच्या नावावरच्या एका पाकिटात सर्वांचे उत्पन्न झाकले जाऊ नये.

प्रमाण ठरवताना हातात येणारा पगार धरावा की कपातीपूर्वीचा?

याबाबत शास्त्रात थेट मार्गदर्शन नाही आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भविष्य निर्वाह निधीत जाणारी रक्कम निवृत्तीनंतर तुमच्याच हाती येणार आहे, एवढे ध्यानात ठेवून एक पद्धत ठरवा आणि ती दर वर्षी पाळा.

आमचे उत्पन्न शेतीचे आहे. दरमहा ठरावीक रक्कम कशी द्यायची?

हा प्रश्न विचारणाऱ्यांवर आजवरच्या वर्गणीपद्धतीने अन्याय केला आहे. मासिक वर्गणीची कल्पना पगारदारांना सोयीची आहे. अहिल्यानगर, बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांमध्ये पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. उसाचे बिल कारखान्याकडून हप्त्यांनी येते, कांद्याची पट्टी बाजार समितीतील त्या दिवसाच्या भावावर ठरते, सोयाबीन आणि कापूस दिवाळीच्या आगेमागे विकले जातात, तर दुधाचा पगार डेअरीकडून ठरावीक दिवसांनी नियमित होतो. अशा कुटुंबाच्या वहीत ‘एप्रिल ते सप्टेंबर थकीत’ असा लाल शेरा मारला जातो, आणि नोव्हेंबरात एकरकमी पैसे देण्याची तयारी असूनही ते कुटुंब संकोचाने मागे राहते.

यावर उपाय असा की शेतकरी कुटुंबाने आपले वार्षिक दान पिकानुसार ठरवावे. संकल्पपत्रावर, म्हणजे वर्षभरात किती देणार ते लिहून देण्याच्या कागदावर, ‘दरमहा इतके’ असे लिहिण्याऐवजी ‘उसाच्या प्रत्येक हप्त्याचा इतका भाग’, ‘कांद्याच्या प्रत्येक पट्टीचा इतका भाग’, ‘दर महिन्याच्या पहिल्या दुधाच्या पगारातून इतके’ अशी नोंद करावी. खजिनदारानेही त्या कुटुंबाचे खाते वर्षाअखेरीस पाहावे, मधल्या महिन्यांत थकबाकी दाखवू नये. बी-बियाणे, खते, मजुरी आणि पाण्याचा खर्च वजा करून जे उरते त्यावर प्रमाण धरणे योग्य आहे. पावसाने दगा दिला, गारपीट झाली किंवा भाव कोसळला आणि पिकाने खर्चही भरून काढला नाही, तर त्या पिकाचे दान शून्य होते. ते शून्य लिहिताना कोणालाही लाज वाटू नये, आणि ‘मागच्या वर्षीपेक्षा कमी कसे?’ असे कोणी विचारूही नये.

ऊसतोडणीसाठी दिवाळीनंतर गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांचा विचार तर आणखी वेगळा करावा लागतो. मुकादमाकडून घेतलेली उचल ही त्यांची मिळकत नसून अंगावरचे कर्ज असते. त्या रकमेवर मंडळीने दानाची अपेक्षा ठेवू नये. उलट, ही माणसे कारखान्याच्या तळावर असताना त्यांच्या गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आणि मुलांकडे मंडळीने लक्ष द्यावे.

हंगामाच्या सणाला आम्ही धान्य, कोंबड्या, नारळ देतो आणि अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावातही बोली लावतो. ते वार्षिक दानात धरायचे का?

धान्य आणि इतर वस्तू अर्पण केल्या असतील तर जरूर धराव्यात. त्यांची बाजारभावाने नोंद करून पावती द्यावी. लिलावाचे मात्र वेगळे आहे. चाळीस रुपयांच्या भोपळ्यावर चढाओढीने पाचशेची बोली लागते तेव्हा वातावरण आनंदाचे होते, पास्टोरेटला मदतही होते आणि ही परंपरा टिकावी असे आम्हांलाही वाटते. तरी लिलावात दिलेला पैसा हा त्या क्षणाच्या उत्साहाचा असतो आणि पाळकाचे जुलै महिन्याचे वेतन त्यावर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणून लिलावाची जमा दुरुस्ती, गरजू विद्यार्थ्यांची फी किंवा ठरावीक एका कामासाठी वापरावी आणि चालू खर्च नियमित दानातूनच भागवावा.

रोजंदारीवर जगणाऱ्या, कर्जात असलेल्या किंवा आजारपणाने खचलेल्या सभासदांकडेही वाढीव दान मागायचे का?

मागू नये. २ करिंथ ८ मध्ये पौल स्पष्ट सांगतो की माणसाजवळ जे आहे त्या मानाने त्याचे देणे मान्य होते, जे नाही त्या मानाने नव्हे, आणि इतरांचा भार हलका व्हावा म्हणून तुमच्यावर ओझे पडावे असा त्याचा हेतू नाही. ज्यांच्यावर सावकाराचे किंवा बचत गटाचे हप्ते थकलेले आहेत त्यांनी आधी ते फेडावेत. आईवडिलांच्या औषधाचे पैसे मंडळीला देणे हेही योग्य नाही. देवाला वाहिले असे सांगून आईबापांची जबाबदारी टाळणाऱ्यांना प्रभू येशूने मार्क ७ मध्ये कडक शब्दांत फटकारले आहे.

तथापि, गरीब माणसाला द्यायचेच नसते असे समजून त्याच्यापुढून दानाची पिशवी झटकन पुढे नेणे, हाही त्याचा अपमान आहे. मंदिराच्या भांडारापाशी दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेला येशूने थांबवले नाही. मिझोरममधील मंडळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्त्रिया स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते घरोघरी फिरून गोळा केले जातात आणि विकून आलेला पैसा सुवार्तेच्या कामी लागतो. घरात रोख पैसा नसला तरी प्रत्येक जेवणागणिक देता येते, हे त्या बायांनी दाखवून दिले. आपल्याकडेही मूठभर ज्वारी किंवा बाजरी वेगळ्या डब्यात काढून ठेवणारी घरे होती आणि आहेत. महिला मंडळाने मनावर घेतल्यास ही रीत पुन्हा नीट चालवता येईल. हे धान्य विकण्यापेक्षा मंडळीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी पोहोचवावे, असे आमचे मत आहे.

पाळकांनी व्यासपीठावरून पैशाविषयी बोलावे का?

बोलावे, परंतु वर्षभर थोडेथोडे टोमणे मारण्यापेक्षा वर्षातून एकदा सविस्तर आणि मोकळेपणाने बोलावे. दर रविवारी निवेदनांच्या वेळी ‘वर्गणी थकली आहे, कृपया सहकार्य करावे’ असे वाचले जाते; तिसऱ्या रविवारनंतर ते कोणाच्याही कानांवर पडत नाही. स्वतःच्या वेतनाविषयी पाळकांना बोलायला लावणे तर अत्यंत अनुचित आहे. शास्त्राची शिकवण पाळकांनी द्यावी, अंदाजपत्रक खजिनदाराने मांडावे आणि वाढीची विनंती कमिटीने करावी. ती करण्यापूर्वी कमिटीच्या प्रत्येक सदस्याने स्वतःचे दान वाढवलेले असावे. हे आधी घडले नसेल तर पुढचे काहीही करू नये.

संकल्पपत्र भरून घेण्याची पद्धत नेमकी कशी असावी?

आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने फेब्रुवारी-मार्चचा काळ सोयीचा आहे. पहिल्या रविवारी अंदाजपत्रकाची एका पानाची प्रत प्रत्येक कुटुंबाला द्यावी. त्यावर मोठमोठी शीर्षके नकोत. पाळकांचे वेतन व निवृत्तीची तरतूद, डायोसिसला (बिशपांच्या देखरेखीखालील विभागाला) द्यायचा वाटा, वीज व पाणी, मंदिराची व दफनभूमीची देखभाल, शब्बाथ शाळा, गरजूंना मदत, सुवार्ताकार्य अशा सरळ ओळी असाव्यात आणि प्रत्येक ओळीपुढे गेल्या वर्षीचा खर्च व येत्या वर्षीचा अंदाज असावा. दुसऱ्या रविवारी त्यावर प्रश्न विचारण्यासाठी उपासनेनंतर अर्धा तास राखून ठेवावा. पुढच्या दोन आठवड्यांत कमिटीच्या दोन-दोन सदस्यांनी घरोघरी जावे.

ही भेट वसुलीची होता कामा नये, यासाठी काही पथ्ये पाळावीत. जाण्यापूर्वी फोन करावा. संध्याकाळी पावती पुस्तक खिशात घेऊन जाऊ नये, कारण ते टेबलावर ठेवले की घरातील माणसे बोलायची थांबतात. आधी त्या घराची विचारपूस करावी, शेवटच्या भेटीनंतर कोण आजारी पडले, कोणाची परीक्षा आहे, कोणाचे लग्न ठरते आहे हे ऐकून घ्यावे आणि प्रार्थना करावी. मग संकल्पपत्र आणि रिकामे पाकीट देऊन, ते कुटुंबाने आपल्या सवडीने भरून बंद पाकिटात मंदिरात आणावे, असे सांगून निघावे. समोर बसून आकडा भरून घेऊ नये. चहा घेऊन झाल्यावर ‘मग किती लिहू, काका?’ असे विचारले की मिळणारा आकडा भिडेचा असतो, आणि भिडेचा आकडा ऑगस्टपर्यंत टिकत नाही.

संकल्पपत्र म्हणजे करार नव्हे, हे त्यावरच छापावे. परिस्थिती बदलल्यास सभासद खजिनदाराला एका ओळीने कळवून रक्कम कमी करू शकतो, आणि त्याला कारण विचारले जाणार नाही.

वार्षिक अहवालात प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम छापावी का?

अनेक मराठी मंडळ्यांत ही जुनी रीत आहे आणि तिच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे : सभासदाला आपली रक्कम छापील पाहून ती जमा झाल्याची खात्री पटते. तरीही ही रीत सोडावी, असे आम्हांला ठामपणे वाटते. मत्तय ६ मधील गुप्तदानाची शिकवण एका बाजूला, आणि अहवाल हातात पडताच सर्वांत आधी शेजाऱ्याच्या नावापुढचा आकडा शोधणारी नजर दुसऱ्या बाजूला. कमी देणारा त्या पानामुळे लाजून अधिक देऊ लागेल, ही अपेक्षा व्यवहारात खोटी ठरते. असा सभासद अहवाल वाटपाच्या रविवारी घरीच राहतो. जास्त देणाऱ्यालाही आपण यादीत सर्वांत वर आहोत हे दिसले की पुढे वाढवण्याची गरज वाटत नाही. खात्री देण्यासाठी पावती आणि प्रत्येक कुटुंबाला बंद पाकिटातील सहामाही खातेपत्रक पुरेसे आहे. अहवालात एकूण जमा, संकल्प केलेल्या कुटुंबांची संख्या आणि दानाचे रक्कमनिहाय गट छापावेत.

वर्गणी थकलेल्या सभासदाला मतदान, लग्न किंवा दफनविधी नाकारता येतो का?

मतदानाबाबत आपापल्या मंडळीची घटना आणि डायोसिसचे नियम पाहावेत. ते सर्वांना आधी माहीत असावेत आणि सर्वांना सारखे लागू व्हावेत. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एखाद्या गटाची थकबाकी कोणीतरी एकरकमी भरून टाकतो, असे प्रकार घडू द्यायचे नसतील तर मुदतीची तारीख कडकपणे पाळावी.

दफनाबाबत आमचे उत्तर एकच आहे. दारात मृतदेह असताना थकबाकीची वही उघडणे हे ख्रिस्ती मंडळीला शोभणारे नाही. त्या दिवशी कोणताही हिशेब काढू नये, आणि त्या कुटुंबाने शोकात दिलेल्या पैशाला ‘मागील बाकी’ म्हणून जमा करून घेऊ नये. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि लग्न यांनाही पैशाची अट असू नये.

पूर्वी हिशेबात गोंधळ झाल्याचे आम्ही ऐकले आहे. पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

केवळ आश्वासनावर विश्वास ठेवू नका, पद्धत पाहा. हा प्रश्न शास्त्राइतकाच जुना आहे. २ राजे १२ मध्ये योवाश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा गोळा करण्यास याजकांना सांगितले, परंतु त्याच्या राज्याच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालीच नाही. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून तो मोजत व कारागिरांवर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. पद्धत बदलली तेव्हा काम सुरू झाले. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी जमा केलेला पैसा नेताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू घेतले, आणि कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून आपण असे करतो, हे २ करिंथ ८ मध्ये उघड लिहिले.

आपल्याकडे याचा अर्थ असा : उपासना संपताच, मंदिरातच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींनी दान मोजावे आणि नोटांच्या प्रकारानुसार तक्ता भरून दोघांनी सही करावी. दानाची पिशवी कोणाच्याही घरी रात्रभर राहू नये. रविवारी बँक बंद असल्याने ती दोन किल्ल्यांच्या कपाटात ठेवून सोमवारी पूर्ण रक्कम भरावी. त्या रोकडीतून परस्पर विजेचे बिल किंवा पाहुण्या वक्त्याचे भाडे देऊ नये, आधी सर्व रक्कम बँकेत जावी. क्यूआर कोड मंडळीच्याच खात्याचा असावा, खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकाचा नसावा. धनादेशावर दोन सह्या असाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या विश्वस्त संस्थांना हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे कायद्यानेच आवश्यक आहे. पास्टोरेटची वही त्या व्यवस्थेत कोठे बसते, हे कमिटीने सभासदांना समजावून सांगावे. दर तीन महिन्यांची जमा-खर्चाची पाने सूचना फलकावर लावावीत. जेथे हे घडत नाही तेथे सभासदाने आधी हे मागावे आणि मग दान वाढवावे. त्याची ही मागणी अविश्वास म्हणून घेऊ नये.

मिशनच्या जमिनी आणि इमारती आहेत. त्यांचे भाडे असताना आमच्याकडे का मागता?

बहुतेक ठिकाणी या मालमत्ता पास्टोरेटच्या नावावर नसून वेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. त्यांतील काहींवर जुनी, अत्यल्प भाड्याची कुळे आहेत, तर काही न्यायालयीन वादात अडकल्या आहेत. जमीन विकून चालू खर्च भागवण्याचा विचार तर मनातून काढून टाकावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी पूर्वजांनी आणि परक्यांनी मिळून ठेवलेली ठेव आपल्या पिढीने पगारावर खर्च करणे योग्य नाही. भाडे मिळत असेल तेथे ते इमारतींच्या देखभालीसाठी वापरावे आणि आकडा उघड करावा.

मंडळीला दिलेल्या दानावर आयकरात सवलत मिळते का?

सामान्यतः नाही. ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत धर्मादाय कार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या दानासाठी आहे. उपासना आणि पाळकीय सेवा यांसाठी मंडळीला दिलेले दान त्यात सहसा बसत नाही. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून शासनाने अधिसूचित केलेल्या उपासनास्थळाच्या दुरुस्तीचा अपवाद आहे. मान्यताप्राप्त शाळा, रुग्णालय किंवा समाजसेवेच्या संस्थेला दान दिल्यास सवलत मिळू शकते, मात्र दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास ती मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मुळातच नाही. ‘पावती घ्या, कर वाचेल’ असे सांगून कोणीही वर्गणी मागू नये.

आमची मुले परदेशात आहेत आणि त्यांना गावच्या मंडळीला द्यायचे आहे. ते चालेल का?

येथे नागरिकत्व पाहावे लागते. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्या व्यक्तीने परदेशातील आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले दान परकीय अंशदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी, त्याचे दान परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१० खाली येते. तो सुट्टीत गावी येऊन रुपयांत दान देत असला तरीही. असे दान स्वीकारण्यासाठी संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खाते लागते. आपल्या पास्टोरेटकडे ते नसेल तर नाताळच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्याने प्रेमाने पुढे केलेले पाकीटही नम्रपणे परत करावे आणि डायोसिसच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

दिलेल्याच्या कित्येक पटींनी परत मिळते, असे काही वक्ते सांगतात. आपणही तसे सांगावे का?

कदापि सांगू नये. मलाखी ३ मधील आशीर्वादाचे वचन दुष्काळाने आणि टोळधाडीने त्रासलेल्या एका संपूर्ण समाजाला उद्देशून होते. त्यातून ‘हजार टाका, दहा हजार घ्या’ अशी योजना काढणे म्हणजे शास्त्राचा दुरुपयोग आहे. असे ऐकून सोन्याची बांगडी देऊन बसलेल्या आणि मुलाची नोकरी तरीही न लागलेल्या आईचे पैसे जातात ते जातातच, शिवाय आपलाच विश्वास कमी पडला हा दोष ती आयुष्यभर मनात वागवते. आपण तिला या ओझ्याखाली ढकलू नये. मासेदोनियातील मंडळ्यांनी २ करिंथ ८ मध्ये अतिशय दारिद्र्यात असताना दिले, आणि देऊन त्या श्रीमंत झाल्या असे पौलाने कोठेही लिहिलेले नाही.

दूरचित्रवाणीवरील किंवा इतर सेवांना दिलेले दान दशांशात धरता येईल का?

ते तुमच्या विवेकावर आहे. एवढेच सांगावेसे वाटते की तुम्ही रुग्णालयात असताना रात्री येणारा पाळक स्थानिक मंडळीचाच असतो.

तरुण सभासद देत नाहीत. काय करावे?

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या तरुणांची नावे घरच्या वहीत वडिलांच्या खात्याखालीच राहतात, त्यांना संकल्पपत्र कोणी देत नाही आणि मग ते देत नाहीत अशी तक्रार होते. त्यांना स्वतंत्र पत्र पाठवा, दरमहा आपोआप रक्कम वळती होण्याची सोय बँकेत कशी करायची ते सांगा आणि ठरावीक कामाचा हिशेब त्यांच्या हाती द्या. मंदिरातील ध्वनियंत्रणा किंवा विद्यार्थी मदत निधी यांची जबाबदारी तरुण संघाकडे सोपवली की अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळ त्यांना आपली वाटू लागते. शब्बाथ शाळेतील मुलांनाही नाणे वडिलांकडून ऐन वेळी न मागता आपल्या खाऊच्या पैशातून काढायला शिकवावे.

वर्षाअखेरीस अपेक्षेपेक्षा जास्त जमा झाले तर?

निर्गम ३६ मध्ये निवासमंडपाच्या कामासाठी लोक रोज सकाळी इतके आणू लागले की कारागिरांनी मोशेकडे जाऊन गरजेपेक्षा अधिक येत असल्याचे सांगितले, आणि मोशेने छावणीत दवंडी पिटवून दान थांबवले. आपल्याकडेही शिल्लक राहिल्यास ती कमिटीने गुपचूप मुदत ठेवीत टाकू नये. तीन महिन्यांच्या चालू खर्चाइतकी राखीव रक्कम बाजूला ठेवावी आणि उरलेल्या पैशाचा निर्णय सर्वसाधारण सभेत घ्यावा. त्या सभेत पहिला प्रस्ताव आपल्यापेक्षा लहान आणि पाळकांचे वेतन वेळेवर न देऊ शकणाऱ्या जवळच्या पास्टोरेटला मदत करण्याचा असावा. त्यानंतर गळक्या कौलांचा आणि रंगकामाचा विषय घ्यावा.